फौजीचं लिव्हर आणि 'नॉर्मल' नावाची थाप

मंडळी, शनिवार आहे, रिलीज नाही, ऑनसाइटवाल्यांचा फोन नाही. तेव्हा आज जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणाशी? तर लॅबच्या रिपोर्टवर आकड्याशेजारी छापतात ना, त्या छोट्याशा स्टारशी. आणि त्याहून जास्त, तो स्टार नसला की "काही नाही हो, सगळं नॉर्मल आहे" असं म्हणून रिपोर्टची घडी करून टीव्हीमागं खोचणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

उदाहरण फौजीचं घेतो. मुद्दाम घेतो. कारण तुमच्या-माझ्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्याचं लिव्हर बिघडलं तर लोकांना नवल वाटत नाही. २०२५ मध्ये हैदराबादच्या आयटीवाल्यांवरचा अभ्यास छापून आला. ३४५ जण तपासले, ८४ टक्क्यांच्या लिव्हरमध्ये जास्तीची चरबी, ७१ टक्के लठ्ठ, ३४ टक्क्यांना मेटाबॉलिक सिंड्रोम. सगळे म्हणाले, होणारच! दिवसभर बसून कोड लिहिता, रात्री बिर्याणी मागवता. बरं, मान्य. पण फौजीचं काय? तो तर पहाटे उठून पाच किलोमीटर पळतो. त्याचंही लिव्हर बिघडतं म्हटलं की लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी देशद्रोह केला.

आमचं केदारखेडा भोकरदन तालुक्यात, पूर्णेकाठी. हे काही साताऱ्याचं अपशिंगे मिलिटरी नव्हे, की घरटी एक जवान असावा. पण भरतीचं वेड इथंही आहे, सगळ्या मराठवाड्यात आहे. कापूस-सोयाबीनच्या भरवशावर लग्न जमत नाही म्हटल्यावर पोरं पहाटे चारला रोडवर पळायला लागतात. छाती किती फुगते, सोळाशे मीटरला किती मिनिटं लागतात, हे आकडे त्यांना तोंडपाठ. आणि एकदा का पोरगं भरती झालं, की गावाच्या लेखी त्याच्या तब्येतीवर सरकारी शिक्का बसला. आयुष्यभरासाठी! रिटायर होऊन आला, पोट सुटलं, जिना चढताना दम लागला, तरी लोक म्हणणार, "फौजी गडी हाय, त्याला काय होतंय?"

होतंय. बरंच काही होतंय.

पहिला पुरावा जुना आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली आणि १९५३ मध्ये त्याचा अहवाल आला. सरासरी वय बावीस. रणांगणावर लढणारी, पळणारी, धडधाकट पोरं. त्यातल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. बावीस वर्षांच्या पोरांत! गोळी लागली नसती तर आपल्या धमन्यांत काय चाललंय हे त्यांना पुढची वीस वर्षं कळलं नसतं. युनिफॉर्म अंगाला बसतो, धमन्यांना नाही बसत. हे माणसाला कळून सत्तर वर्षं झाली, आणि आपण अजून "फौजी गडी हाय" वरच अडकलोय.

आता लिव्हरकडे येतो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही दोन नावं आता खेड्यातल्या माणसालाही माहीत झालीत. काविळीमुळं म्हणा, डेंग्यूमुळं म्हणा. ही एन्झाइम्स. पेशीच्या आत काम करतात. पेशीला इजा झाली की फुटक्या माठातून पाणी झिरपावं तशी रक्तात झिरपतात. एसजीपीटी मुख्यतः लिव्हरमधलं, एसजीओटी लिव्हरशिवाय स्नायूंत आणि हृदयातही असतं. तिसरं एक आहे, जीजीटी. ते दारूनं वाढतं, आणि नुसत्या चरबीनंही वाढतं. एवढं कळलं तरी पुढचं भांडण समजायला पुरे.

आपल्याकडे बहुतेक रिपोर्टवर एसजीपीटीची वरची मर्यादा चाळीसच्या आसपास छापलेली असते. एकेचाळीस आलं की स्टार. एकोणचाळीस आलं की नॉर्मल. आता सांगा, हा चाळीसचा आकडा आला कुठून? देवानं दिला का? नाही. लॅबवाले "निरोगी" माणसं गोळा करतात, त्यांचं रक्त तपासतात, बहुतेकांचे आकडे ज्या पट्ट्यात बसतात त्याला नॉर्मल म्हणतात. इथंच मेख आहे. ती निरोगी माणसं खरंच निरोगी होती का? त्यातल्या कित्येकांच्या लिव्हरमध्ये चरबी होती, फक्त कुणी बघितलं नव्हतं. म्हणजे टेस्ट डेटाच करप्ट! करप्ट डेटावर थ्रेशोल्ड बसवला आणि मग म्हणतात सिस्टीम हेल्दी आहे.

इटलीतल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये हे दुरुस्त केलं. रक्तदात्यांमधून वजन, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, साखर असं सगळं ठीक असलेलीच माणसं निवडली आणि पुन्हा हिशोब मांडला. मर्यादा आली पुरुषांना ३० आणि बायकांना १९. चाळीस नव्हे, तीस आणि एकोणीस! अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांना २९ ते ३३ आणि बायकांना १९ ते २५ हीच वरची मर्यादा धरली. मग आपल्या रिपोर्टवर अजून चाळीस का छापतात? कारण किटच्या पाकिटावर तेच लिहून येतं आणि सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी एकदा टाकून ठेवलंय. डीफॉल्ट व्हॅल्यू कोण बदलतो हो? आमच्या धंद्यात तर असले आकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

आता गंमत बघा. समजा एक रिटायर्ड हवालदार आहे. वय ४५. एसजीओटी ३६, एसजीपीटी ३६, प्लेटलेट १ लाख ८० हजार. रिपोर्टवर एकही स्टार नाही. घरी पेढे वाटायला हरकत नाही. आता याच आकड्यांचं एक साधं गणित आहे, फिब-फोर म्हणतात त्याला, २००६ पासून वापरात आहे. वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारात) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. म्हणजे ४५ गुणिले ३६ झाले १६२०. खाली १८० गुणिले ६, म्हणजे १०८०. उत्तर १.५. हे उत्तर १.३ च्या खाली असेल तर लिव्हर घट्ट होऊन व्रण पडल्याची शक्यता कमी. वर असेल तर पुढची तपासणी करा. आपला स्टार नसलेला, सगळं नॉर्मल असलेला हवालदार १.५ वर उभा आहे! याचा अर्थ त्याचं लिव्हर गेलं असा नाही. याचा अर्थ त्याला पेढ्याची नाही, डॉक्टरकडे जायची गरज आहे. आणि हे गणित करायला एक पैसा जास्त लागत नाही. चारही आकडे त्याच्याच खिशात आहेत. फक्त एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचत नाही. (पस्तिशीच्या आत आणि पासष्टीनंतर हे गणित नीट चालत नाही, हेही सांगून ठेवतो. उगाच रविवारी सगळ्या घरादाराचं काढत बसू नका.)

उलट बाजूचा घोळही आहे, आणि तो फौजेतच जास्त. भरतीची तयारी करणारं पोरगं काल दोनशे बैठका मारून, वजनं उचलून आलं आणि आज रक्त दिलं तर त्याचं एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं येऊ शकतं. लिव्हरमुळं नाही, स्नायूंमुळं. जड व्यायामानंतर हे आकडे आठवडाभरसुद्धा वर राहू शकतात. अशा वेळी सीपीके बघायचं, ते स्नायूंचं असतं. ते वाढलेलं असेल आणि जीजीटी जागेवर असेल, तर आठवडाभर आराम करून परत तपासायचं. पण आपल्याकडे काय होतं? स्टार दिसला की पोराला "लिव्हरला सूज" सांगून टॉनिकची बाटली देतात. म्हणजे ज्याला काही झालं नाही त्याला बाटली, आणि ज्याला झालंय त्याला पेढे. याला तपासणी म्हणायचं?

बरं, एकटं लिव्हर बिघडत नाही. ते टोळीनं येतं. त्या टोळीचं नाव मेटाबॉलिक सिंड्रोम. पाच खुणा आहेत: कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल पुरुषांत ४० च्या आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर. पाचातल्या तीन जुळल्या की सिंड्रोम. नीट बघा, यातली एकही खूण दुखत नाही. पोट दुखत नाही, डोकं दुखत नाही. म्हणून तर कुणी बघत नाही. २०२३ मध्ये जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी फॅटी लिव्हरचं नावच बदललं, आधीच्या नावातलं "दारूशिवायचं" हे काढून "चयापचयाशी निगडित" असं केलं. लिव्हरमधली चरबी हा या टोळीचाच गडी आहे, हे नावातच आलं.

आणि या नावावरून एक स्थानिक भांडणही मिटायला पाहिजे. आमच्याकडे लिव्हर म्हटलं की दारू, एवढं एकच समीकरण. फौजी असेल तर मग विचारूच नका. "कँटीनची रम पिऊन पिऊन लिव्हर घालवलं." कँटीनची स्वस्त दारू हा प्रश्न आहेच, मी त्याची वकिली करत नाही. दारू आणि चरबी दोन्ही मिळून लिव्हर खातात, त्याला २०२३ च्या नव्या यादीत वेगळं नावसुद्धा दिलंय. पण या समीकरणाची दुसरी बाजू जीवघेणी आहे. दारू न पिणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. गळ्यात माळ, महिन्याला दोन एकादशा, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, भगर, वर दोन केळी. उरलेले दिवस गोड चहा दिवसाला सात-आठ कप. चालणं म्हणाल तर अंगारकीला राजूरच्या गणपतीला पायी. वर्षातून एक-दोनदा! अशा माळकऱ्याच्या लिव्हरमध्ये चरबी निघाली की घरच्यांचा विश्वासच बसत नाही. "ह्यांनी तर कधी थेंब घेतला नाही." थेंबाची गरजच नाही मावशी, साखर पुरते.

आता कमरेच्या घेराकडे. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो.

अमेरिकेतल्या २००१ च्या व्याख्येत पुरुषांसाठी मर्यादा होती १०२ सेंटिमीटर. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय डायबेटिस फेडरेशननं आपल्यासारख्या दक्षिण आशियाई पुरुषांसाठी ती ९० केली, बायकांसाठी ८०. बारा सेंटिमीटरचा फरक! का? तर आपलं शरीर वेगळं आहे. आपली चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये एक फोटो छापला. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक ते स्वतः आणि दुसरे त्यांचे लंडनचे सहकारी युडकिन. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आत दुप्पट फरक. याज्ञिकांच्या पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात तर हे जन्मापासून दिसलं. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंनी, हाडांनी किडकी, पण चरबी मात्र बरीचशी राखून ठेवलेली. दिसायला बारीक, आतून लठ्ठ.

आणि आपण फौजीला काय लावतो? उंचीप्रमाणे वजनाचा तक्ता. काटा! ज्या शरीराची सगळी लबाडी काट्याला चुकवण्यात आहे, त्याला काट्यावर उभं करतो. सतराव्या-अठराव्या वर्षी पोरगं बारीक म्हणून कौतुक, चाळिशीत वजन तक्त्यात बसतंय म्हणून शाबासकी, आणि पट्ट्याची भोकं दरवर्षी एकेक करून पुढं सरकतायत त्याची नोंद कुठंच ठळक नाही. सैन्यात अलीकडे जास्त वजनाबद्दल बरीच कडक भाषा चालते, चांगलं आहे. पण माझं म्हणणं असं, की वजनाच्या आधी कंबर मोजा. टेपला लागतात दहा-वीस रुपये. लढाऊ विमानं घेणाऱ्या देशाला टेप परवडेल.

सगळ्यात वाईट वाटतं ते हे, की फौजीकडे जे आहे ते आपल्या कुणाकडेच नाही. ट्रेंड! एकाच माणसाची दरवर्षी होणारी वैद्यकीय तपासणी. सतरा वर्षं, वीस वर्षं. वजन, बीपी, आणि ठराविक वयानंतर रक्तसुद्धा. आमच्या सर्व्हर रूममध्ये एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: अलर्ट वाजायची वाट बघू नका, ग्राफ बघा. डिस्क ९० टक्के भरल्यावर घंटा वाजते, पण दर आठवड्याला दोन टक्के भरतेय हे ग्राफ महिनाभर आधी सांगतो. एसजीपीटी १८ वरून २४, ३१, ३८... एकदाही स्टार नाही. पण दुप्पट झालंय राव! अठराचं अडतीस झालं याला नॉर्मल म्हणणारा माणूस आमच्या ऑपरेशन टीममध्ये दोन दिवस टिकणार नाही.

हे मी हवेत बोलत नाही. इस्रायलनं आपल्या सैन्याच्या तपासणीचे कागद नुसते फायलीत ठेवले नाहीत, वाचले. २००५ मध्ये तेरा हजारांवर तरुण सैनिकी पुरुषांचा अभ्यास आला, वय २६ ते ४५. सगळ्यांची उपाशीपोटीची साखर शंभरच्या आत, म्हणजे सगळे "नॉर्मल". पण ज्यांची साखर ९१ ते ९९ होती आणि ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, त्यांना पुढं डायबेटिस होण्याचा धोका, साखर ८६ च्या आत आणि ट्रायग्लिसराइडही कमी असलेल्यांच्या आठपट निघाला. आठपट! नॉर्मलच्या आत! आपल्याकडे पुण्यात १९४८ पासून सैन्याचं स्वतःचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, एएफएमसी. त्याच शहरात याज्ञिकांचं केईएम. हुशारीची टंचाई नाही. कागदाचीही नाही. मग प्रत्येक जवानाच्या हातात, रिटायर होताना, त्याच्या वीस वर्षांचा एक पानी ग्राफ का देता येत नाही? कंबर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड, एसजीपीटी. पाच रेघा. एवढंच.

त्याऐवजी काय देतात? एक शब्द देतात: लाइफस्टाइल डिसीज. जीवनशैलीचा आजार.

या शब्दावर माझा खरा राग आहे. जीवनशैली म्हणजे माणसानं निवडलेली राहणी. फौजीनं काय निवडलं? उठायची वेळ दुसऱ्यानं ठरवली. लंगरमधलं जेवण दुसऱ्यानं ठरवलं. पोस्टिंग दुसऱ्यानं ठरवलं. रात्रीची गस्त, मोडलेली झोप, तीन-तीन महिने घराचं तोंड नाही. बाराखान्यात तळलेलं आणि रम पुढं आली तीही व्यवस्थेनंच. विशीत भरपूर खाणं आणि भरपूर पळणं. मग बढती मिळाली, पळणं कमी झालं, खाणं तेवढंच राहिलं. त्यानंतर बीपी आणि साखर निघाली की म्हणायचं, ही तुझी जीवनशैली!

हा नुसता शब्दाचा खेळ नाही, पैशाचा आहे. अपंगत्व पेन्शन मिळणार की नाही हे आजार नोकरीमुळं झाला का, यावर ठरतं. सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सरळ सांगितलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, आणि पुढं वैद्यकीय कारणावरून त्याला काढलं तर तब्येतीची घसरण नोकरीमुळं झाली असं गृहीत धरायचं. नाही म्हणायचं असेल तर ते सरकारनं सिद्ध करायचं. त्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयानं नवे नियम आणले, माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला. काही लोक सवलतीचा गैरफायदा घेतात, हा सरकारचा मुद्दा मी नाकारत नाही. घेत असतील. पण गैरफायदा पकडायचा तर पुन्हा तोच ग्राफ लागेल ना? कंबर कधी वाढली, कुठल्या पोस्टिंगला वाढली, बीपी कधी चढलं. पुरावा दरवर्षी स्वतःच गोळा करायचा, तो न वाचता ठेवायचा, आणि शेवटी जवानाला म्हणायचं सिद्ध कर. ही कसली रीत?

आता विरोधी बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा घेतो. लोक म्हणतील, "बाबा रे, तू मर्यादा चाळीसवरून तीसवर आणलीस की रातोरात कोट्यवधी नवे पेशंट तयार होतील. लॅबवाले, स्कॅनवाले, टॉनिकवाले नाचतील." बरोबर आहे. ही भीती मलाही आहे. नव्याण्णव टेस्टचं फुल बॉडी पॅकेज विकणारे आधीच टपलेत. म्हणूनच मी एकही जास्तीची टेस्ट मागत नाहीये. मी मागतोय की झालेल्या टेस्ट वाचा. तिशीच्या वरचा एसजीपीटी म्हणजे औषध नव्हे, तो एक प्रश्न आहे: कंबर किती? साखर किती? बीपी किती? काल जिममध्ये होतास का? आणि उपायही बाटलीत नाही. वजन पाच ते सात टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी कमी होते, दहा टक्क्यांपर्यंत उतरवलं तर सूज आणि व्रणसुद्धा मागं हटू शकतात. ऐंशी किलोच्या माणसाला हे चार ते आठ किलो. यात नाचण्यासारखं कुणाला काही मिळत नाही, म्हणून तर याची जाहिरात होत नाही.

तेव्हा मागण्या. ब्लॉगवर मागण्या करून काय होतं म्हणा, पण लिहून ठेवतो:

१. जवानाला रिटायर होताना त्याच्या सगळ्या तपासण्यांचा एक पानी ग्राफ मिळावा, मराठीत, घरच्यांना कळेल असा.

२. नोकरीत दरवर्षी वजनासोबत कंबर मोजावी, मर्यादा ९० सेंटिमीटर धरावी, आणि पट्टा सरकायला लागला तिथंच माणसाशी बोलावं. शिक्षा म्हणून नव्हे.

३. रिटायर झाल्यावर वर्षातून एकदा बोलावून तपासणारं कुणीतरी असावं. ईसीएचएस २००३ पासून आहे, पण ते आजारी पडल्यावर जायचं ठिकाण समजलं जातं. चाळिशीत घरी आलेल्या माणसापुढं अजून तीस-चाळीस वर्षं आहेत, आणि "तपासून घे" असा हुकूम देणारा साहेब मागं राहिलेला असतो.

४. अग्निवीरांचं काय, हे आजच ठरवा. २०२२ च्या योजनेप्रमाणं चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार, बाकी घरी. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. विशीच्या अल्याड-पल्याड परत आलेला हा पोरगा पळणं थांबवील, भूक मात्र फौजेतली घेऊन येईल. त्याची कंबर कोण मोजणार?

५. लिव्हरमधली चरबी केंद्र सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात २०२१ पासून आहे. तर मग गावपातळीवरच्या तपासणीत त्याचा प्रश्न विचारलाही जाऊ द्या.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला झोपू देत नाही.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये मोठा दुष्काळ पडला. त्या काळात पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर सक्तीच्या लष्करी भरतीसाठी आली. १९७६ मध्ये तीन लाख पोरांच्या भरतीच्या कागदांवरून अभ्यास छापला गेला. ज्यांच्या आयांची उपासमार गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात झाली, त्या पोरांत लठ्ठपणाचं प्रमाण जास्त निघालं. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं शरीर साठवायला शिकून येतं. भरतीच्या मैदानात उभं राहीपर्यंत कुणाला पत्ताही नसतो.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशोब करा. १९७२ चा दुष्काळ. सुकडी आणि लाल मिलो खाऊन खडी फोडणाऱ्या बाया. त्यांच्या पोटातली मुलं आज पन्नाशी ओलांडलेली, त्यातले जे फौजेत गेले ते केव्हाच रिटायर झालेले. त्यांच्या कमरेचा, साखरेचा, लिव्हरचा हिशोब कुणी मांडला का? आणि पुढचं. २०१२-१३ चा दुष्काळ. जालना जिल्हा सगळ्यात जास्त होरपळलेल्यांपैकी. टँकरच्या मागं धावणाऱ्या कित्येक बायका तेव्हा गरोदर होत्या. त्या वर्षी जन्मलेली पोरं २०३० मध्ये साडेसतरा वर्षांची होतील. भरतीच्या वयाची. पहाटे चारला रोडवर पळायला लागतील. बारीक असतील, चपळ असतील, छाती फुगवून दाखवतील. काटा म्हणेल उत्तम. रिपोर्टवर एकही स्टार नसेल.

त्यांच्या आयांनी काय खाल्लं होतं, हे मात्र कुठल्याच फॉर्मवर विचारलेलं नसेल. तो रकाना छापायला अजून थोडी वर्षं आहेत. आणि टेप आत्ताच विकत मिळते, भोकरदनच्या कुठल्याही कापडदुकानात.